सुकी फळं दिली की सशाचा मागचा भाग पुन्हापुन्हा माखतो : कारण कसं शोधायचं, माप कसं बसवायचं

तक्रार साधारण अशी असते. ससा खेळतोय, खातोय, तब्येतीने ठीक दिसतोय, पण शेपटीखालचे केस अधूनमधून काळपट, चिकट, उग्र वासाच्या लगद्याने माखलेले सापडतात. तो बसतो त्या जागी तसलाच लगदा चेपून वाळलेला असतो. बेदाणे, सुकं सफरचंद, केळ्याच्या चकत्या असा खाऊ बंद केला की काही दिवसांत सगळं स्वच्छ होतं. हायसं वाटतं, खाऊची बरणी पुन्हा उघडते आणि आठवड्याभरात पुन्हा तोच लगदा.

यावर मिळणारं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं असतं: "फळं देऊच नका." ते चुकीचं नाही, पण त्याने प्रश्न सुटत नाही. खाऊ थांबवल्यावर लक्षण जातं. माप मात्र होतं तेच राहतं आणि मागे पडलेलं गवतही मागेच राहतं. म्हणून पुन्हा खाऊ दिला की पुन्हा त्रास. सुकं फळ हे सशासाठी विष नाही. ते किती द्यायचं, हे आपण माणसाच्या तळहाताकडे बघून ठरवतो, तिथे सगळं बिघडतं.

सगळ्यात आधी: थांबायला वेळ आहे का?

ससा १० ते १२ तास काहीही खात नसेल, किंवा तेवढ्या वेळात त्याने एकही लेंडी टाकली नसेल, तर हा खाऊच्या मापाचा प्रश्न राहिलेला नाही. आतडी मंदावली आहेत किंवा थांबली आहेत. अंग आखडून, कुबड काढून कोपऱ्यात बसणं, दात करकर वाजवणं, पोट जमिनीला दाबून धरणं, कान हाताला गार लागणं, पोट फुगून टणक होणं ही सगळी त्याच बाजूची लक्षणं. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. ते ३८ च्या खाली आलं असेल तर वेळ फार थोडा आहे. सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे लगेच जा, रात्र असली तरी. आवडता बेदाणा नाकाशी धरला आणि त्याने तोंड फिरवलं, तर मी ते धोक्याचंच लक्षण मानते.

एकही गोल लेंडी नाही आणि जे पडतंय ते पाण्यासारखं आहे, तर ती खरी हगवण. मोठ्या सशात ती क्वचित दिसते, पण दिसली की तीही तातडीचीच. पिल्लांत तर काही तासांत होत्याचं नव्हतं होतं.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: "पोट बिघडलंय, एक दिवस उपाशी ठेवू." सशाला उलटी करता येत नाही, त्याचं पोट रिकामं ठेवून साफ होत नाही. उपाशी ससा, त्यातून तो लठ्ठ असेल तर, अंगातली चरबी वापरायला लागतो आणि ती यकृतात साचू लागते. आतड्यांची हालचाल टिकते ती गवतातून सतत येणाऱ्या धाग्यांमुळे (फायबरमुळे). गवत कायम समोर हवं.

यातलं काहीच नसेल, ससा खातोय, गोल लेंड्याही पडताहेत आणि मधूनमधून फक्त हा लगदा दिसतोय, तर पुढे वाचा.

तो लगदा नेमका कसला?

सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या आपण रोज झाडतो त्या: गोल, कोरड्या, हलक्या. बोटात धरून चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. दुसऱ्या निरोगी सशाच्या घरात सहसा दिसतच नाहीत. त्या मऊ, गडद, चकचकीत असतात, लहान मणी एकमेकांना चिकटून तुतीच्या फळासारखा घोस झालेला असतो. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, न चावता गिळतो. विश्रांतीच्या वेळी, बहुतेकदा रात्री उशिरा किंवा पहाटे, हे चालतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस वाटते, पण हे त्याचं दुसरं जेवण आहे. आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्याला यातूनच मिळतात.

आता तुमच्याकडचा लगदा नीट बघा. रुमालावर घेऊन, उजेडात.

घोसाचा आकार शाबूत आहे, मणी ओळखू येतात, फक्त ते न खाता पडून राहिलेत? मग लेंडी तयार होण्यात बिघाड नाही. ससा ती खात नाहीये, किंवा त्याला खाता येत नाहीये. कारणं वेगळी: भरपूर गोड किंवा गोळ्यांचं (पेलेट) खाद्य मिळाल्याने त्याला तिची गरज वाटत नाही, लठ्ठपणामुळे तोंड मागे पोचत नाही, पाठ किंवा सांधे दुखतात, दात टोचतात.

मणी ओळखूच येत नाहीत, सगळं मिळून पिठासारखा चिकट गोळा झालाय, वास नेहमीपेक्षा आंबूस आहे? मग अंधनालेतलं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीतलं, आंबवणं बिघडलंय. सुक्या फळांशी ज्याचा थेट संबंध जोडता येतो तो प्रकार हाच.

हा फरक बघायला दोन मिनिटं लागतात, पण तो न बघता लोक महिनोन्‌महिने नुसते खाऊ बदलत राहतात. फोटो काढून ठेवा, तारीख टाका. पुढच्या वेळी तुलना करता येते.

घरात दोन किंवा अधिक ससे असतील तर कुणाचा मागचा भाग माखलाय ते आधी तपासा. दोन्ही स्वच्छ असूनही लगदा पडलेला दिसत असेल, तर एखाद्या रात्री मध्ये जाळी लावून शेजारी-शेजारी ठेवा, एकमेकांचा वास येत राहील असे. जोडी पूर्ण वेगळ्या खोल्यांत नेली की बिथरते आणि त्या ताणानेही पोट बिघडतं, मग निष्कर्षच चुकतो.

फळ सुकलं की काय होतं

सशाच्या पचनसंस्थेतला सगळ्यात मोठा भाग म्हणजे अंधनाल. तिथे अब्जावधी जिवाणू गवताच्या बारीक कणांना आंबवत असतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक वाटणी होते: जाड, न पचणारे धागे पुढे ढकलले जाऊन कोरड्या लेंड्या बनतात आणि बारीक कण मागे अंधनालेत पाठवले जातात. ही वाटणी नीट चालायला जाड धागे भरपूर लागतात. ते कमी पडले की आतड्याची गती मंदावते आणि अंधनालेतला माल जास्त वेळ पडून राहतो.

साखरेचं काय होतं? थोडी साखर लहान आतड्यातच शोषली जाते, तिचा त्रास नाही. एका वेळी ती जास्त आली की उरलेली अंधनालेत पोचते आणि तिथे धाग्यांवर जगणाऱ्या जिवाणूंऐवजी साखरेवर भराभर वाढणारे जिवाणू जोर धरतात. आंबवणं बदलतं, वायू वाढतो, घोस नीट बांधला जात नाही. लगदा होतो तो असा. क्लोस्ट्रिडियम गटातले विषारी जिवाणू फोफावण्याची भीतीही अशाच बिघडलेल्या अंधनालेत असते, विशेषतः नुकत्याच दूध सुटलेल्या पिल्लांत.

ताज्या द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी आणि १०० ग्रॅममागे १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते. बेदाणा झाला की पाणी १५ टक्क्यांवर येतं आणि साखर १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या पुढे जाते. चार किलो द्राक्षांचे साधारण एक किलो बेदाणे होतात, म्हणजे साखर तेवढीच, जागा चौथाई. सफरचंदाचंही तसंच: ताज्यात १० ग्रॅमच्या आसपास, सुक्यात त्याच्या पाचपटीहून जास्त. खजुरात जवळपास दोन तृतीयांश वजन साखरेचंच.

आता सशाचं वजन लक्षात घ्या. २ किलोचा ससा आणि ६० किलोचा माणूस यांत तीसपटीचा फरक आहे. एक बेदाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. सशाला दिलेले पाच बेदाणे म्हणजे वजनाच्या हिशेबाने त्या माणसाने एका बैठकीत दीडशे खाण्यासारखं. बिया काढलेला एक लहान खजूर ७-८ ग्रॅमचा भरतो. त्यात ५ ग्रॅमच्या आसपास साखर. हा एक खजूर "अर्धाच तर दिला" म्हणून सकाळ-संध्याकाळ वाटून दिला जातो, आणि मग तक्रार येते की पोट सारखं बिघडतं.

पण माझ्या मते साखरेइतकंच, कित्येकदा साखरेपेक्षा जास्त, नुकसान करतं ते खाऊमुळे सुटलेलं गवत. ससा गोडाचा शौकीन असतो. त्याला कळतं की अमुक वेळी बरणी उघडते. मग तो गवतात तोंड घालायचं सोडून पिंजऱ्याच्या दाराशी येऊन बसतो, गज चावतो, मागच्या पायांवर उभा राहतो. आपण पाघळतो. गवत रोज थोडं थोडं कमी होत जातं आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गवत मोजतं कोण? सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात, दाढाही आयुष्यभर वाढतच असतात. त्या झिजतात त्या गवत आडवं चघळल्याने. मऊ फळाने दात झिजत नाहीत. म्हणजे गवत सुटलं की आधी पोट, मग दात, आणि दात टोचायला लागले की ससा मऊ खाऊकडेच वळतो. इथपर्यंत पोचलेला ससा नुसता खाऊ बंद करून बरा होत नाही.

परत परत का होतं

ज्या घरांत हा प्रश्न चिवटपणे टिकतो तिथे पुढच्यापैकी एखादी तरी गोष्ट सापडते.

मोजणी तुकड्यांत असते. "रोज एकच तुकडा" म्हणजे काय? सुक्या सफरचंदाची पातळ चकती २ ग्रॅमची असू शकते आणि जाड फोड ६ ग्रॅमची. तुकडा हे माप नाही.

देणारे हात अनेक असतात. आई सकाळी देते, मुलं शाळेतून आल्यावर देतात, आजोबा टीव्ही बघताना देतात. प्रत्येकाचा एकेकच, आणि प्रत्येकजण खरंच सांगत असतो.

खाद्याच्या पाकिटातच फळं असतात. रंगीत, मिश्र, दाणे-बिया-सुकी फळं घातलेलं खाद्य चालू असेल तर बरणीतला खाऊ बंद करूनही फळं बंद झालेली नसतात. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो आणि उरलेलं तसंच टाकतो. अशा पाकिटाऐवजी सगळे दाणे एकसारखे असलेलं साधं गोळी-खाद्य घ्या. प्रौढ सशाला तेही किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. भांडं भरून ठेवायची वस्तू नाही ती. मऊ लेंड्यांचं कारण म्हणून गोळ्यांचा अतिरेक सुक्या फळांच्या बरोबरीने सापडतो.

आणि शेवटचं: बरं वाटताच जुनंच प्रमाण सुरू होतं. अंधनालेतले जिवाणू सावरायला वेळ लागतो. मागचा भाग दोन दिवस कोरडा दिसला म्हणजे आतलं सगळं सावरलं असं नाही.

पहिला टप्पा: पूर्ण विश्रांती, निदान दोन आठवडे

सगळी फळं बंद, ताजी आणि सुकी दोन्ही. गाजरही फळांतच धरा, त्यातही साखर आहे. गोड थेंब, दह्याच्या गोळ्या, बिस्किटं, धान्य यांना सशाच्या आहारात मुळात जागाच नको. गोळ्या जास्त जात असतील तर एकदम तोडू नका, आठवडाभरात हळूहळू मापावर आणा.

गवत अमर्याद. टिमोथी, ऑर्चर्ड किंवा साधं मिश्र कुरणाचं वाळलेलं गवत, हिरवट, सुवासिक, धूळ नसलेलं. लसूणघास प्रौढ सशाला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं, ती वाढत्या पिल्लांसाठी आणि गाभण मादीसाठी ठीक. सशाच्या एकूण खाण्यात ८० ते ८५ टक्के गवत असायला हवं. गवत मातीच्या भांड्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि विशेषतः तो लेंड्या टाकतो त्या तबकाला लागून ठेवा. खाता खाता लेंड्या टाकणं सशाला आवडतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. दिवसातून दोनदा गवत हलवून वर थोडं नवीन टाकलं तरी जुन्याकडे तो पुन्हा वळतो.

गवताचा हिशेबही ठेवा. सकाळी घातलेलं गवत तोलून लिहा, दुसऱ्या दिवशी उरलेलं आणि सांडलेलं गोळा करून तोला. आठवड्यात आकडा वर जायला हवा. दोन आठवडे भूक असूनही तो गवताला तोंड लावत नसेल किंवा काडी तोंडात घेऊन सोडून देत असेल, तर दात तपासून घ्या. पुढचे दात घरी दिसतात, दाढा दिसत नाहीत. त्या उपकरण घालूनच बघाव्या लागतात.

रोजचा पाला त्याला सोसत असेल तर चालू ठेवा. सोसतो की नाही याची शंका असेल तर काही दिवस तोही थांबवा आणि एकेक प्रकार परत आणा.

पाणी उघड्या, जड वाडग्यात ठेवा. बाटलीच्या नळीतून ससा पितो, पण वाडग्यातून जास्त पितो. किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी त्याला लागतं.

माखलेला भाग साफ करताना

अख्ख्या सशाला आंघोळ घालू नका. भिजलेला ससा गारठतो आणि घाबरून झटापट करताना स्वतःचा कणा मोडून घेऊ शकतो. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागी मिनिटभर धरून ठेवा, लगदा सुटतो. मग बोटांनी अलगद काढा आणि जागा पूर्ण कोरडी करा. वाळून घट्ट झालेल्या गाठी ओढू नका, कात्रीही लावू नका. सशाची कातडी फार पातळ असते, केसांबरोबर ती कधी उचलली जाते ते कळत नाही. गाठी निघत नसतील तर पशुवैद्याकडून यंत्राने काढून घ्या.

हे दिवसातून दोनदा बघायचं कारण माश्या. ओल्या, माखलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि उबदार हवेत काही तासांत अळ्या बाहेर पडून जिवंत कातडीत शिरतात. एकही अळी दिसली तर ती तातडीची अवस्था समजा.

या काळात लाड कसे करायचे

हा प्रश्न लोक कमीपणाचा समजून विचारत नाहीत, पण सगळी योजना इथेच कोसळते. ससा दाराशी येऊन बघत राहतो आणि रिकाम्या हाताने परत फिरणं जड जातं.

त्याला बहुतेक वेळा तुमचा हात आणि ती ठरलेली वेळ हवी असते. त्याच वेळी, त्याच जागी, हातातून पुदिन्याचं एखादं पान, कोथिंबिरीची काडी, बेसिलचं पान द्या. सफरचंदाच्या झाडाची फवारणी न केलेली वाळकी डहाळी सोलायला द्या, तासभर गुंतून राहतो. त्याच्या नेहमीच्या गोळ्यांचं माप वाडग्यात ओतण्याऐवजी गवतात विखरून टाका, म्हणजे शोधताना गवतही पोटात जातं. खाऊच्या आवाजाला ससा किती पटकन सवयीचा होतो ते तुम्ही बघितलंच असेल. बरणीचा तो आवाज आता पाल्याच्या डब्याला जोडा.

दुसरा टप्पा: तोलून, एकेक करून

दोन आठवडे मागचा भाग सलग स्वच्छ राहिला, गवत वाढलं, लेंड्या मोठ्या आणि एकसारख्या झाल्या, की मगच सुकं फळ परत आणायचा विचार करा.

ताज्या फळाची प्रचलित मर्यादा शरीराच्या किलोमागे दिवसाला एक चमचा, म्हणजे चहाचा चमचा, अशी सांगितली जाते. सुकं फळ त्याच्या एक तृतीयांश. पण ही निरोगी पोटाची वरची मर्यादा आहे. ज्या सशाला एकदा त्रास झालाय त्याच्यासाठी मी ती वापरणार नाही. २ किलोच्या सशाला एका वेळी अर्धा ग्रॅम, म्हणजे साधारण एक बेदाणा किंवा नखाएवढा सफरचंदाचा तुकडा, आणि तेही आठवड्यातून दोनदा. त्याहून लहान सशाला अर्धा बेदाणा.

घरातल्या साध्या काट्यावर अर्धा ग्रॅम दिसत नाही. दहा बेदाणे एकत्र तोला आणि दहाने भागा. सफरचंदाच्या चकत्यांचंही असंच: दहा चकत्यांचं वजन काढा, मग एका चकतीचे किती तुकडे करायचे ते ठरवा आणि सगळ्या एकदमच कापून ठेवा. रविवारी आठवड्याचे तुकडे एका छोट्या डबीत काढा, मोठी बरणी कपाटात वर. घरात कुणीही द्यायचं ते त्या डबीतूनच. डबी रिकामी झाली की आठवडा संपेपर्यंत काही नाही. अनेक हातांचा गोंधळ याने मिटतो, कुणाला रागवावं लागत नाही.

एका वेळी एकच फळ. दिल्यावर दोन दिवस लेंड्या बघा. स्वच्छ असेल तर पुढच्या खेपेला तेच. दोन आठवडे ते सोसलं तर दुसरं फळ करून बघा. लगदा दिसला तर ते फळ त्या सशाच्या यादीतून काढा आणि पुन्हा पहिल्या टप्प्यावर या. काही सशांना सफरचंद चालतं आणि बेदाणा चालत नाही. काहींना सुकं काहीच चालत नाही, त्यांच्यासाठी वाळवलेला पाला हाच खाऊ. ते मान्य करण्यात सशाचं काहीच जात नाही.

सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला सुकी फळं देऊ नका. लठ्ठ सशालाही नाही. फासळ्यांवरून हात फिरवा: हलक्या दाबाने त्या जाणवल्या पाहिजेत. दाबूनही जाणवत नसतील तर वजन उतरेपर्यंत खाऊ पाल्याचाच.

कोणतं फळ, कोणतं पाकीट

पाकिटामागचे घटक वाचा. तिथे फक्त फळाचं नाव असायला हवं. साखर, ग्लुकोज सिरप, मध, तेल, सल्फर डायऑक्साइड यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर ते सशासाठी नाही. जर्दाळू चमकदार केशरी किंवा बेदाणे सोनेरी दिसत असतील तर त्यांना बहुतेक वेळा गंधकाची प्रक्रिया केलेली असते. प्रक्रिया न केलेला जर्दाळू तपकिरी दिसतो. क्रॅनबेरी मुळात आंबट, म्हणून बाजारातली सुकी क्रॅनबेरी जवळजवळ नेहमी साखरेत घोळलेली. पपई आणि अननसाचे रंगीत चौकोनी तुकडे पाकात मुरवलेले. केळ्याच्या कुरकुरीत चकत्या तेलात तळलेल्या असतात, त्या सुकं फळ म्हणून धरूच नका.

पपईबद्दल थोडं सविस्तर, कारण हा समज फार घट्ट आहे. पपईतलं एन्झाइम पोटातले केसांचे गोळे विरघळवतं म्हणून केस गळण्याच्या दिवसांत सुकी पपई भरपूर दिली जाते. हे एन्झाइम (पपेन) प्रथिनं तोडतं हे खरं, पण केस ज्या केराटिनचे बनलेले असतात ते त्याने विरघळत नाही. सशाच्या पोटात अंग चाटून गेलेले केस कायमच असतात. आतडी चालती असली की ते लेंड्यांतून निघून जातात. ते अडकतात ते गती मंदावल्यामुळे. म्हणजे केस निघावेत म्हणून दिलेली गोड पपई गवताची भूक मारते आणि केस अडकायची परिस्थितीच तयार करते. केस गळत असताना रोज विंचरा, गवत आणि पाणी वाढवा.

घरी सुकवणं सगळ्यात खात्रीचं. सफरचंदाच्या बिया आणि मधला भाग पूर्ण काढा, बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. जर्दाळू, चेरी, आलुबुखार यांच्या आठळ्यांतही. पातळ चकत्या मंद आचेवर कडक होईपर्यंत वाळवा आणि कोरड्या, हवाबंद बरणीत ठेवा. चकती वाकली तर ती अजून ओली आहे. ओल राहिली की बुरशी धरते, आणि बुरशीचा नुसता वास आला तरी अख्खी बरणी टाकून द्या, वरच्या चार चकत्या काढून उपयोग नाही. अ‍ॅव्होकॅडो कोणत्याही रूपात नको.

घरात कुत्राही असेल तर बेदाणे ठेवूच नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात, आणि सशाच्या हातून सांडलेला दाणा कुत्रा शोधून काढतोच. सफरचंद वापरा.

सगळं करूनही थांबत नसेल तर

दोन आठवडे शून्य गोड आणि भरपूर गवत, तरी लगदा येतोच आहे, तर कारण खाऊत नाही. दाढांचे टोक, पाठीचं किंवा सांध्यांचं दुखणं, लठ्ठपणा, मूत्रमार्गाचा त्रास, जंत, सततचा ताण, यातलं काहीही असू शकतं आणि ते घरी ओळखता येत नाही. वय झालेल्या सशात तर मी सांधेदुखीचा विचार आधी करते: तो अंग वळवून मागे पोचूच शकत नाही, आणि दोष बिचाऱ्या बेदाण्यावर जातो.

माणसांसाठी आणलेली उरलेली प्रतिजैविकं पोट बिघडलं म्हणून देऊ नका. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे गेली तर सशाच्या अंधनालेतले उपयोगी जिवाणू मारतात आणि ससा दगावू शकतो.

पशुवैद्याकडे जाताना सोबत न्यायचं: त्याच दिवशीची गोल लेंडी आणि मऊ लगदा वेगवेगळ्या डब्यांत, तारखांचे फोटो, गवताच्या वजनाची नोंद, सशाच्या वजनाची नोंद, आणि गोळ्यांच्या व खाऊच्या पाकिटामागच्या घटकांचा फोटो. प्रवासात पेटीत गवत भरपूर घाला आणि त्याला उपाशी नेऊ नका. भूल द्यायची असली तरी सशाला आधीपासून उपाशी ठेवायची गरज नसते.